ग्वाछॉनच्या बोगद्यातलं प्रारब्ध

कोरियात एक जुनी म्हण आहे. सोल शहर फार भयंकर असं ज्याच्या कानावर गेलंय, तो ग्वाछॉनपासूनच रांगायला लागतो. म्हणजे राजधानी अजून डोंगरापलीकडे, कोणी डोळेही वटारलेले नाहीत, आणि हा गडी आधीच गुडघ्यांवर. तिथे राहणाऱ्या माझ्या मुलीनं ही म्हण मला ग्वाछॉनमध्येच सांगितली, तिच्या सोसायटीच्या फाटकाशी, सकाळी आठच्या सुमारास. सगळी वस्ती स्टेशनाकडे निघाली होती. रांगत कोणीच नव्हतं, बरेचसे पळत होते.

म्हण भूगोलाला धरून आहे. ग्वाछॉन सोलच्या दक्षिण वेशीला खेटून बसलंय. पश्चिमेला ग्वानाक्सान, सुमारे 630 मीटर उंचीचा, नुसता उघडा खडक. पूर्वेला छॉनग्येसान, उंचीला जवळपास तेवढाच, पण अंगाने मऊ, झाडीचा. दोघांच्या मधल्या खोलगट पट्टीत शहर. क्षेत्रफळ जेमतेम 36 चौरस किलोमीटर आणि त्यातलीही बहुतेक जमीन हरितपट्ट्यात. सोलभोवती हा पट्टा 1971 पासून आखला गेला, तेव्हापासून तिथे वीटही मनाला येईल तशी रचता येत नाही. म्हणून हे शहर लहानच राहिलं. वस्ती लाखाच्या आत. आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला ह्याला शहर म्हणताना जीभ अडखळते, पण महापौर आहे, स्वतःची पाच भुयारी स्टेशनं आहेत, म्हणजे शहरच.

उत्तरेला नामथेरयॉंगची खिंड. दक्षिणेच्या प्रांतांतून राजधानीला येणारा जुना हमरस्ता ह्या खिंडीतून जायचा. सरकारी परीक्षेला निघालेले विद्यार्थी वर चढायचे, हद्दपारीची शिक्षा झालेले खाली उतरायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉंगजो राजा बापाच्या समाधीला जायचा तेव्हा ग्वाछॉनच्या सरकारी विश्रामगृहात मुक्काम करायचा. ती इमारत अजून आहे, तिला ओनोन्सा म्हणतात. पुढे 1795 च्या सुमाराला राजाने रस्ता बदलला, आन्यांगकडून जायला लागला, आणि ग्वाछॉनचा मान गेला. त्या काळी आन्यांग हा ग्वाछॉनच्याच तालुक्याचा भाग होता. आजच्या सोलचाही काही भाग, हान नदीच्या दक्षिण काठापर्यंतचा, ग्वाछॉनच्याच कचेरीत सारा भरायचा. 1914 मध्ये जपान्यांनी जिल्ह्यांची फेररचना केली आणि ग्वाछॉन दुसऱ्याच नावाखाली बुडालं. आज आन्यांग पाच लाखांवरचं शहर आहे आणि ग्वाछॉन त्याच्या शेजारचं टुमदार गाव. कोण कोणाभोवती फिरतं हे दर दोन-तीनशे वर्षांनी बदलत असतं, त्याचा अभिमान धरण्यात अर्थ नाही.

मला मात्र ग्वाछॉन आवडलं ते एका वेगळ्याच कारणानं. मी आयुष्यभर रेल्वेत ट्रॅक्शन डिस्ट्रिब्युशनला होतो. सोप्या भाषेत, गाडीच्या डोक्यावरची तार जिवंत ठेवण्याची नोकरी. माणसं निसर्ग बघायला परदेशात जातात, मी तारा बघतो.

सोलमधल्या सादांग स्टेशनात चार नंबरच्या मार्गाची गाडी पकडायची. पुढचं स्टेशन नामथेरयॉंग, खिंडीच्या पायथ्याशी, अजून सोलमध्येच. त्यापुढचं सॉनबावी, हे ग्वाछॉनचं पहिलं. ह्या दोन स्टेशनांच्या मधे, डोंगराच्या पोटात, डब्यात घोषणा होते: वीजपुरवठ्याची पद्धत बदलत असल्यामुळे काही दिवे बंद होतील, एसी थोडा वेळ थांबेल. मोटरांचा सूर उतरतो. पंख्यांची घरघर, जी इतका वेळ ऐकूच येत नव्हती, ती गेल्यावर ऐकू येते. जुना रेक असला तर बरेचसे दिवे विझतात, मोजके तेवत राहतात. नवीन रेकमध्ये फारसं काही कळतही नाही. मग सगळं पुन्हा सुरू होतं. डब्यातलं एकही डोकं मोबाइलमधून वर येत नाही. मी मात्र दर वेळी सरसावून बसतो.

प्रकार असा आहे. सोलच्या मेट्रोची तार 1500 व्होल्टच्या डीसीची. ग्वाछॉनचा भाग मात्र राष्ट्रीय रेल्वेनं बांधला, त्यांची तार 25,000 व्होल्टच्या एसीची. शिवाय मेट्रोच्या ह्या मार्गावरच्या गाड्या उजवीकडून धावतात आणि राष्ट्रीय रेल्वेच्या डावीकडून, आपल्यासारख्या. तो जपान्यांच्या काळापासूनचा वारसा. 1994 मध्ये दोन्ही मार्ग जोडले गेले तेव्हा ना एकानं वीज बदलली, ना दुसऱ्यानं बाजू. मग डोंगराखाली एक रूळ दुसऱ्याच्या वरून नेला आणि दोघांची अदलाबदल केली. गाडी उजवीकडून बोगद्यात शिरते आणि डावीकडून बाहेर पडते, प्रवाशाला पत्ता लागत नाही. आणि दोन विजांच्या मधे तारेचा एक तुकडा मेलेला ठेवला. त्यात डीसीही नाही, एसीही नाही. दोन खात्यांच्या हेक्याचं इतकं नेटकं स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही.

आपल्याकडे हे सगळं होऊन गेलंय. मुंबईची बाजू डीसीवर होती, इगतपुरीच्या पुढे एसी. इगतपुरीला इंजिन बदलायचे, प्रवासी तेवढ्यात वडा खायचे. मग दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं आली. मुंबईतली शेवटची डीसी लाइन, हार्बर, 2016 मध्ये एसीवर गेली. पण मेलेला तुकडा, आम्ही त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतो, तो काही संपला नाही. एसीमध्येही दोन सबस्टेशनांच्या हद्दी भिडतात तिथे तो ठेवावाच लागतो, कारण दोन्हीकडच्या फेज वेगळ्या. त्याच्या अलीकडे 500 मीटरवर एक पाटी, 250 मीटरवर दुसरी. मग ‘डीजे ओपन’. डीजे म्हणजे इंजिनचा मुख्य ब्रेकर. ड्रायव्हर नॉच, म्हणजे मोटरांचा जोर, शून्यावर आणतो, डीजे उघडतो, आणि गाडी आपल्या अंगच्या वेगावर मेलेल्या तारेखालून सरकत पलीकडे जाते. पलीकडे पुन्हा पाटी, डीजे बंद, वीज चालू. जुन्या पद्धतीचा तुकडा 41 मीटरचा. एवढ्या अंतरात हजारो टनांची मालगाडी कोणाच्याही जोरावर चाललेली नसते, आणि तरी चाललेली असते.

सॉनबावीच्या अलीकडच्या त्या अंधारात माझ्या डोक्यात प्रारब्धाचा विषय आला, त्याला आमचं कल्याणचं मंडळ जबाबदार आहे. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा निवृत्त लोक एका मास्तरांकडे शांकरभाष्य वाचतो. मास्तर शाळेत संस्कृत शिकवायचे, अजूनही आम्हाला आठवीतली मुलं समजतात. मी इकडे यायला निघालो तेव्हा वाचन ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायावर आलं होतं. प्रश्न जुनाच. माणसाला ज्ञान झालं, कर्मं जळून गेली, तर त्याचा देह त्याच क्षणी का पडत नाही? तो जेवतो कसा, शिंकतो कसा, शिष्यांवर चिडतो कसा? उत्तर ठरलेलं आहे. साठलेलं संचित जळतं, पुढचं कर्म चिकटत नाही, पण ज्यानं फळ द्यायला सुरुवात केलीय ते प्रारब्ध भोगूनच संपतं. दाखला कुंभाराच्या चाकाचा: कुंभारानं काठी बाजूला ठेवली तरी दिलेल्या गतीनं चाक काही काळ फिरत राहतं. सांख्यकारिकेतही हाच दाखला आहे, शंकराचार्यांनीही तोच वापरलाय.

मास्तरांना मी त्याच वेळी विचारलं होतं, चाक फिरतंय त्याचं पुढे काय? ते म्हणाले, थांबतं. अहो, पण कशासाठी फिरतं? ते म्हणाले, कशासाठीही नाही, उरलंय म्हणून. सगळे पुढच्या सूत्राकडे वळले. मला ते पटलं नव्हतं, पण का पटलं नव्हतं ते सांगता येत नव्हतं.

आता सांगता येतं. चाक जागच्या जागी फिरतं. त्याची उरलेली गती म्हणजे नुसता शिल्लक हिशेब, देणं फेडायचं आणि वही मिटायची. आपण बोलण्यातही प्रारब्ध ह्याच अर्थानं वापरतो. मुलगा नापास झाला, जावई बेवडा निघाला की कपाळाला हात लावून म्हणायचं. तारेखालून वीज नसताना जाणारी गाडी मात्र जागच्या जागी फिरत नाही. तिची उरलेली गती तिला कुठेतरी नेते. मागच्या विजेनं दिलेला वेग हीच तिची पुढच्या विजेपर्यंत पोचायची एकमेव आशा. म्हणून न्यूट्रल सेक्शन सिग्नलपासून दूर ठेवतात, शक्यतो चढावर ठेवत नाहीत, आणि ड्रायव्हरला पहिलं शिकवतात ते हे की तिथे रेंगाळत शिरायचं नाही. जो घाबरून आधीच वेग कमी करतो तोच मधे अडकतो. म्हणजे सुटायचं असलेल्या माणसाला आपण जे सांगतो, जगण्याचा वेग आधी कमी करा, मन आटोक्यात आणा, मग सोडा, त्याच्या नेमकं उलट.

मला वाटतं संन्यासाचा विचार आपण दोनच टोकांनी करत आलो. एक, माणूस संसारात आहे. दोन, माणूस सुटला. मधला पट्टा, जिथे जुनी वीज सुटलीय आणि नवी लागलेली नाही, त्याच्याकडे बघायला कोणी थांबत नाही. आणि बहुतेक माणसं, मी धरून, आयुष्याचा बराच काळ त्याच पट्ट्यात असतात. निवृत्त झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत रात्री पाऊस आला की मी झोपेतून उठायचो. कुठली तार तुटली असेल म्हणून. नोकरी नव्हती, फोन येणार नव्हता, बायको म्हणायची झोपा हो, पण पाय जमिनीवर टेकलेले असायचे.

ग्वाछॉनच्या जुन्या शाळेपासून ग्वानाक्सानच्या माथ्याकडे पायवाट जाते. ही शाळा कन्फ्युशियसच्या परंपरेतली, लाल दरवाजाची, बहुतेक वेळा बंद. वाट ओढ्याच्या कडेनं चढते, पायऱ्या खडकाच्या, गुडघ्यांना त्रास होतो. वर यॉनजुआम नावाचा बौद्ध मठ आहे आणि त्याच्याही वर, कड्याच्या टोकाला, रचलेल्या दगडांच्या भिंतीवर एक चिमुकलं देऊळ. त्या जागेला यॉनजुदे म्हणतात. देवळात सोळा अर्हतांची पूजा होते. बाहेर दोन माणसं नीट उभी राहतील एवढीच जागा, खाली सरळ कडा, आणि उत्तरेला अख्खं सोल अंथरलेलं.

सोलच्या बाजूनं बघितलं तर ह्या डोंगराची कीर्ती वाईट. त्याचे सुळके ज्वाळांसारखे, म्हणून हा आगीचा डोंगर, राजवाड्यावर आग ओढवून आणणारा, अशी जुनी समजूत. राजवाड्याच्या मोठ्या दरवाजासमोर हेथे नावाच्या दगडी प्राण्यांची जोडी बसवली आहे, ती ह्याच डोंगराची आग गिळण्यासाठी, असं लोक सांगतात. ग्वाछॉनच्या बाजूनं बघितलं तर तोच डोंगर भक्तीचा.

दंतकथा अशी. जोसन घराण्याच्या थेजोंग राजानं थोरल्या दोघा मुलांना डावलून तिसऱ्याला गादी दिली. तो तिसरा पुढे सेजोंग राजा म्हणून गाजला, कोरियाची लिपी त्याच्या काळातली. थोरले दोघे, यांगन्यॉंग आणि ह्योरयॉंग, राजवाडा सोडून ह्या डोंगरावर आले आणि ह्या कड्यावर बसून दूर राजवाड्याकडे बघत राहिले. इतिहास थोडा रुक्ष आहे. यांगन्यॉंगनं काही सोडलेलं नव्हतं. त्याचे रंगढंग बघून बापानंच 1418 मध्ये त्याचं युवराजपद काढून घेतलं. दंतकथेनं त्याला परस्पर त्यागी करून टाकलं. पण दोघांतला धाकटा, ह्योरयॉंग, खरोखर बौद्ध धर्माकडे वळला. मठांवर राजसत्तेची खप्पामर्जी असलेल्या काळात त्यानं मठ उभे केले, आणि 1486 पर्यंत, नव्वदी ओलांडून जगला. यॉनजुआम आजच्या जागी आणण्याचं श्रेय परंपरा त्यालाच देते.

वर पोचल्यावर मी धापा टाकत त्या कड्याशी उभा होतो. शेजारी एक आजी, पाठीला छोटी सॅक, हातात माळ, ग्वानसेउम बोसाल, ग्वानसेउम बोसाल म्हणत होत्या. आपल्या अवलोकितेश्वराचं तिकडचं नाव. मला प्रश्न पडला तो असा: ज्या जागेवरून राजवाडा दिसतो तिथे बसलेल्या माणसाला त्यागी म्हणायचं का? मास्तर तत्काळ म्हणतील, नाही. वासना आहे. राज्य सोडलं, राज्याकडे बघणं सुटलं नाही. देहानं सुटला, मनानं नाही.

मला ह्योरयॉंग वेगळा दिसतो. वीज काढून घेतलेली आहे. वेग आहे. राजपुत्र म्हणून वाढलेल्या माणसाचे डोळे राजवाड्याकडेच वळणार, वीस वर्षांची सवय आहे ती. त्या वळण्याला काही मिळायचं नाही, ते वळणं राज्य परत मागत नाही, ते नुसतं उरलंय. पण त्याच उरलेल्या जोरावर त्यानं मठ बांधले, माणसं जमवली. त्याच्या हाती राजपुत्राचाच वजनदार शब्द होता, दुसरं काय होतं? तो वापरला नसता तर तो बाजूला बसलेला एक दुखावलेला भाऊ राहिला असता. आपल्याकडे त्यागी माणसाच्या चेहऱ्यावर लगेच काही उतरलेलं दिसलं नाही की लोक नाक मुरडतात. बुवा अजून रागावतात, बाईंना अजून साडीचा काठ बघायला आवडतो. बघू द्या की. डीजे उघडलाय की नाही एवढंच बघायचं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

ग्वाछॉनला ह्याहून मोठं उदाहरण आहे, आणि ते डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. किम जॉंगही, छुसा ह्या टोपणनावानं ओळखले जाणारे, कोरियातले सर्वांत नावाजलेले सुलेखनकार. दरबारातलं वजनदार घराणं. मग राजकारण फिरलं. 1840 मध्ये जेजू बेटावर हद्दपारी, आठ वर्षांवर काळ तिथे. परत आले, थोड्याच दिवसांत 1851 मध्ये पुन्हा हद्दपारी, ह्या वेळी उत्तरेच्या थंडीत बुकछॉंगला. 1852 मध्ये सुटल्यावर ते ग्वाछॉनला आले, वडिलांनी बांधलेल्या घरात. राजधानीच्या वेशीबाहेर, पण वेशीला टेकून. 1856 मध्ये वारले. मधली चार वर्षं ते इथे होते.

तेव्हा त्यांच्याकडे काय होतं? पद नाही, घराण्याचा दबदबा नाही, तब्येत नाही. दरबारातली वीज कधीच गेलेली. बौद्ध धर्माकडे ओढा होता, पण ते काही भिक्षू होऊन डोंगरात नाहीसे झाले नाहीत. लिहीत राहिले. मरणाच्या काही दिवस आधी त्यांनी बोंगउन्सा मठाच्या एका दालनासाठी पाटी लिहिली. त्या दालनात सूत्रांचे कोरीव लाकडी ठसे ठेवलेले असतात. मठ आजच्या सोलच्या गांगनाम भागात आहे, चकाचक बिल्डिंगांच्या पायाशी. पाटीवर दोनच मोठी अक्षरं, आणि कडेला बारीक अक्षरांत आपलं वय एकाहत्तर, ग्वाछॉनचा मी, आजारपणात लिहिलंय, एवढं. अक्षरं ओबडधोबड आहेत. सगळा डौल, ज्याच्यासाठी छुसा प्रसिद्ध, तो नाही. लहान मुलानं पाटीवर मन लावून गिरवावं तशी. मुलगी मला तिथे घेऊन गेली तेव्हा मला चिनी लिपीचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी पाटीखालून हललो नाही. उभ्या आयुष्याच्या सरावाचा सगळा वेग त्या हातात होता, फक्त जोर काढून घेतलेला. जोर गेल्यावर वेग कसा दिसतो हे मला तारांखाली माहीत होतं, अक्षरात पहिल्यांदा दिसलं.

खुद्द ग्वाछॉन शहराचंही असंच झालंय, म्हणून मला इथे घरच्यासारखं वाटतं. आजचं शहर वसवलं ते सरकारी कचेऱ्यांसाठी. 1982 मध्ये सरकारी संकुलाची पहिली इमारत झाली, 1986 मध्ये शहराचा दर्जा मिळाला. अर्थ, शेती, बांधकाम, कामगार, कितीतरी मंत्रालयं इथे होती. शिवाय राजधानीनं आपल्या अंगणातून जे जे बाहेर काढलं ते सगळं इथे आलं. जपान्यांनी एका राजवाड्यात थाटलेलं प्राणिसंग्रहालय 1984 मध्ये इथे आलं. आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय 1986 मध्ये एका दुसऱ्या राजवाड्याच्या आवारातून आलं. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान 1989 मध्ये. मग 2012 च्या अखेरीपासून एकेक करून मंत्रालयंच उठली आणि सोलच्या दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरवर, सेजोंग ह्या नव्या शहरात निघून गेली. कायदा मंत्रालय तेवढं राहिलं, आणि बाकीच्या खोल्यांत नंतर दुसरी खाती आली. ज्या कारणासाठी शहर जन्मलं तेच कारण गाठोडं बांधून गेलं. आणि शहर चालू आहे. जुन्या पाच मजली चाळवजा इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत, मुलीचा फ्लॅट त्यातलाच. सरकार जाताना भुयारी मार्ग घेऊन गेलं नाही, झाडं घेऊन गेलं नाही. तो दिलेला वेग होता.

कलासंग्रहालयात नाम जून पाइक ह्या कलावंताचा टीव्ही संचांचा मनोरा आहे, 1988 चा, 1003 पडद्यांचा. कलावंत 2006 मध्ये गेला. संच जुने झाले, आगीची भीती निर्माण झाली, म्हणून 2018 मध्ये मनोरा बंद केला. दुरुस्ती करून 2022 मध्ये पुन्हा चालू केला, वरचे काही लहान पडदे नव्या पद्धतीचे घातले. मी गेलो तेव्हा तो बंदच होता. ठराविक वेळीच चालवतात. त्यावर फार तत्त्वज्ञान करायची माझी इच्छा नाही. संचांची देखभाल करणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलायची मात्र होती.

आता गाडी अडकली तर काय, हा प्रश्न उरतो. आणि तोच खरा धार्मिक प्रश्न आहे. कारण वेग सगळ्यांकडे नसतो. कोणी आधीच थकलेला असतो, कोणाची वीज अवेळी जाते, नवरा जातो, नोकरी जाते, आणि माणूस मेलेल्या तारेखाली उभा राहतो. मागे जाता येत नाही, पुढे सरकायला काही नाही. कुंभाराच्या चाकाला हा प्रसंग माहीत नाही. थांबलं की थांबलं, तिथेच मुक्ती.

आमच्याकडे ह्यावर इलाज आहे आणि तो मी रात्रीबेरात्री केलेला आहे. मेलेल्या तुकड्याच्या कडेला, खांबावर, आयसोलेटर असतो, एक मोठी हातानं फिरवायची खटकी. तिला कुलूप. गाडी मधे अडकली असा निरोप आला की कंट्रोलमधल्या टीपीसीशी, म्हणजे तारेतली वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरशी, बोलायचं, परवानगीची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर घ्यायचा, वहीत लिहायचा, कुलूप काढायचं आणि आयसोलेटर लावायचा. मग त्या मेलेल्या तारेत वीज येते. ती येते गाडीच्या पुढच्या बाजूची. मागची नव्हे. मागची दिली तर पलीकडे जाताना दोन विजा भिडतील. ड्रायव्हर डीजे लावतो, गाडी जराशी धसमुसळी हलते आणि आपल्या बळावर बाहेर पडते. ती गेली की आयसोलेटर काढायचा, कुलूप लावायचं, टीपीसीला सांगायचं. तुकडा पुन्हा मेलेला, पुढच्या गाडीसाठी.

बौद्धांमध्ये स्वतःच्या बळावर तरायचं की दुसऱ्याच्या, हा वाद फार जुना आहे. कोरियात ध्यानवाले भिक्षू भिंतीकडे तोंड करून बसतात आणि सामान्य माणसं अमिताभाचं, अवलोकितेश्वराचं नाव घेतात, आणि दोन्ही एकाच मठात चालतं. यॉनजुदेच्या आजी चढून आल्या होत्या स्वतःच्या पायांनी आणि नाव दुसऱ्याचं घेत होत्या. मला ह्यात विरोध दिसत नाही. वेग आपला, तो पुरला तर उत्तम. नाही पुरला तर वीज दुसऱ्यानं द्यायची, पण ती जिकडे जायचंय तिकडची. ज्याला लोक कृपा म्हणतात आणि जिच्यात माणूस जुन्या सुखात परत नेऊन बसवला जातो, गेलेलं परत मिळतं, तिच्यावर माझा विश्वास नाही. तसं करणारा माणूस ट्रॅक्शनमधून सस्पेंड होईल.

हे सगळं मी रविवारी मास्तरांना फोनवर सांगितलं. त्यांच्याकडे दुपार होती, माझ्याकडे रात्र. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘अहो रेल्वेवाले, तुम्ही वेदान्ताच्या डब्यात भक्ती बिनतिकिटाची बसवलीत.’ मी म्हटलं, तिकीट तपासणं माझं खातं नव्हे. मग त्यांनी नेमका घाव घातला. आचार्यांनी चाकाचाच दाखला दिलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं? सुटलेल्या बाणाचाही दिलाय. बाण जागच्या जागी फिरतो का? तो जातो की कुठेतरी. तुमचा नवा शोध बाराशे वर्षांपूर्वीच लागलेला आहे.

हे खरंच होतं आणि मला थोडा वेळ गप्प बसावं लागलं. मग मी म्हटलं, मास्तर, बाण निशाणाला लागतो आणि तिथेच पडतो, त्याला पुढची वीज नसते. आणि दुसरं, बाणात कोणी बसलेलं नसतं. गाडीत माणसं असतात.

‘आत कोणी बसलंय हे तुम्ही गृहीत धरलंत,’ मास्तर म्हणाले, ‘तिथेच तुमचं भाष्य संपलं.’

मी कल्याणला पोचेपर्यंत पुढचं सूत्र घेऊ नका असं त्यांना बजावून ठेवलंय. ह्या मुद्द्यावर मी हार मानणार नाही, आणि ते तर कधीच मानत नाहीत. फोनवर हे मिटायचं नाही.